सतरा नंबरचं ताट

इकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा संशयच आला. म्हणे, काका, यंदा तरुण मुलांसाठी करिअरचा विभाग काढतोय, तुम्ही फौजेतले, तर लष्करी अधिकारी व्हायला अंगात कुठले गुण लागतात त्यावर लिहा. मी म्हटलं, अधिकाऱ्याचे गुण अधिकाऱ्याला विचारा. मी हवालदार होतो, तोही बंदुकीचा नव्हे, मेसचा. शाळा चौथीपर्यंत. फोनवरची मुलगी म्हणाली, म्हणूनच काका, वेगळा अँगल. वेगळा अँगल म्हणजे काय ते मी सुनेला विचारलं. ती नुसती हसली. म्हणजे त्यातही काहीतरी असणार.

तरी लिहितो. कारण बॉथेल, रेडमंड ही इकडची आसपासची गावं सगळी धरून या विषयात माझ्याएवढं बघितलेला माणूस इकडं दुसरा नाही. निवड करणाऱ्या साहेबांनी पोरांना मैदानात बघितलं, खोलीत बघितलं. मी त्यांना जेवताना बघितलं. बावीस वर्षं तिकडं देशात आणि पाच वर्षं इकडं.

तिकडचं आधी सांगतो, नाहीतर इकडचं कळायचं नाही. अधिकारी व्हायला आलेल्या पोरांना आपल्याकडं सिलेक्शन सेंटरवर पाच दिवस ठेवून घेतात. आल्याबरोबर छातीवर आणि पाठीवर नंबराचं कापड बांधतात. तो चेस्ट नंबर. तिथून पुढं नाव नाही, गाव नाही, बाप कोण ते नाही. नुसता नंबर. एक साहेब चित्रं दाखवून गोष्टी लिहून घेतो आणि त्यावरून मन वाचतो. एक साहेब फळ्या, दोर आणि पिंपं देऊन आठ-दहा पोरांना मिळून नाला ओलांडायला लावतो. एक समोर बसवून बोलतो. शेवटच्या दिवशी सगळे साहेब एका टेबलाला बसतात, एकेक नंबर आत बोलावतात आणि मग निकाल लागतो. थोडे राहतात. बाकीचे त्याच संध्याकाळी बॅगा घेऊन स्टेशनवर.

पंधरा गुण बघतात म्हणे. मला त्यातले ऐकून ऐकून तीन-चार ठाऊक. जबाबदारी अंगावर घेणं, घाबरून न जाणं, दुसऱ्याला बरोबर नेणं, अडलं तिथं डोकं चालवणं. बाकीचे अकरा काय असतील ते असोत.

माझी परीक्षा वेगळी होती. मी तिथं आधी वर्दीत होतो, मग पेन्शनीत आल्यावर साध्या कपड्यात, पण किचनचं दार तेच. तिसऱ्या दिवशी पोरं मैदानातून दमून आली की एका टेबलावर भाजीचा वाडगा मी मुद्दाम कमी भरून ठेवायचो. आठ पोरं आणि पाच जणांची भाजी. मग खांबाला टेकून बघायचो. क्लास लावून आलेली पोरं लगेच ओळखू यायची. तोंडानं "प्लीज, यू फर्स्ट" आणि डोळा वाडग्यावर. काही मला हाक मारून झापायची. काही खाली मान घालून आपलं वाढून घ्यायची. एखादा असा निघायचा की तो वाडगा उचलून किचनच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, आत आणखी आहे का? नसेल तर डाळ द्या, चालेल." त्याचा नंबर मी मनात ठेवायचो आणि निकालाला कान लावायचो. बरेचदा माझं बरोबर यायचं. किचनमध्ये आणखी एक बोर्ड बसलाय हे साहेबांना कधी कळलं नाही.

बरेचदा म्हणालो, नेहमी नाही. त्यावर पुढं येतो.

ही वारल्यावर दत्तानं, म्हणजे माझ्या मुलानं, मला इकडं परदेशात आणलं. दोन हजार दोन साल. बाहेर पाऊस, घरात गालिचा, आणि दिवसभर मी आणि फ्रीज. मी दत्ताला म्हटलं, मला काम बघ नाहीतर तिकीट बघ. त्याला वाटलं मी रुसलोय. मग मीच मंडळाच्या पिकनिकला चार जणांना विचारून पुढल्या वर्षी काम मिळवलं. एका मोठ्या विद्यापीठाचं जेवणघर. दोन बस बदलून जायचं. त्या काळात माझ्या मिशा, माझा रंग आणि हातातली कापडी पिशवी बघून बसमध्ये शेजारची सीट रिकामीच राहायची. त्यांना माझा संशय, मला त्यांचा. पाय मोकळे सोडून बसता यायचं, हा फायदा.

माझं काम खिडकीचं. मुलं जेवून झाली की ट्रे एका फिरत्या पट्ट्यावर ठेवतात. पट्टा भिंतीतल्या खिडकीतून आत येतो. आत मी. खरकटं एका बाजूला, कप जाळीत, काटे-चमचे पाण्यात, ताटं मशीनला. खिडकी इतकी बुटकी की समोरच्याचं तोंड दिसत नाही. दिसतात फक्त हात. तिकडं मी सगळा माणूस बघायचो, इकडं मला मनगटापासून पुढचा मिळाला. पण ताट तेच. आणि ताट खोटं बोलत नाही, असं मी तेव्हा म्हणत होतो.

गुरुवारी सकाळी त्या जेवणघरात वर्दीतली पोरंपोरी यायची. चौकशी केली तेव्हा कळलं, ही कॉलेज शिकता शिकता अधिकारी व्हायचं शिकतात. बहुतेकांना पहिली दोन वर्षं मोकळीक, पटलं नाही तर सोडून द्यायचं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सही करायची. सही केली की फौजेची. आणि तेव्हा इराकची लढाई चालू, म्हणजे सही कशावर आहे ते कोणाला सांगायला नको.

माझे कान उभे राहिले. एका गुरुवारी वाढायला माणूस कमी होता, मी आमच्या सुपरवायझर लिंडाला म्हटलं, मी उभा राहतो. अंड्याच्या भुर्जीचं भांडं अर्धंच भरलं आणि बाजूला उभा राहून बघायला लागलो. पोरं आली. भांडं रिकामं दिसलं. तशीच पुढं गेली आणि दुसऱ्या काउंटरवरून दूध आणि कुरमुऱ्यासारखं काहीतरी घेऊन बसली. ना कोणी रागावलं, ना कोणी भांडं उचललं. इथं कमी पडणं ही गोष्टच नाही. माझी बावीस वर्षांची परीक्षा पाच मिनिटांत निकालात निघाली.

म्हणून मग खिडकीवरून चालू केलं. प्रत्येक हाताला मी मनात नाव दिलं. जाड अंगठी, कुरतडलेली नखं, डावखुरा. आणि आतल्या भिंतीच्या फरशांवर मेणाच्या पेन्सिलीनं खुणा करायचो. ग्लासात कागद कोंबणारा, त्याला एक उभी रेघ. दुसऱ्याचं सांडलेलं पुसून ठेवणारा, त्याला आडवी. दोन महिन्यांत भिंत भरली. आणि लिंडाच्या नजरेला पडली.

ते साल कसं होतं बघा. परदेशी म्हातारा, इंग्रजी येत नाही, सैनिक मुलांकडं टक लावतो आणि भिंतीवर कसल्यातरी खुणा करतो. दोन पोलीस आले. मला खुर्चीत बसवलं. मी म्हणत होतो, आय आर्मी, इंडिया, मेस, सिलेक्शन. त्यातलं आर्मी एवढंच त्यांना कळलं आणि त्यानं आणखीच गोंधळ झाला. शेवटी त्या पोरांना शिकवणारे मेजर आले. उंच, कानापाशी पांढरे झालेले. त्यांनी भिंतीपाशी उभं राहून सगळ्या रेघा बघितल्या. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हा कोण? नऊ उभ्या रेघा होत्या. मी म्हटलं, जाड अंगठी, सर. मेजरनी त्या रेघा पुन्हा मोजल्या. मग पोलिसांना म्हणाले, तुम्ही जाऊ शकता. जाड अंगठीवाला पुढच्या गुरुवारपासून दिसला नाही.

तेव्हापासून मेजर दर गुरुवारी कमरेत वाकून खिडकीत तोंड आणायचे आणि विचारायचे, हवालदार, माझी माणसं कशी आहेत? मी म्हणायचो, "गुड प्लेट्स, सर." त्याच्यापुढं एक शब्द नाही. त्यांना वाटायचं माझं इंग्रजी संपलं. इंग्रजी संपलं हे खरं, पण कारण ते नव्हतं.

मेसवाल्यानं उमेदवाराबद्दल साहेबाकडं तोंड उघडायचं नाही, हा सेंटरचा नियम होता. साहेबांनीही विचारायचं नाही. मी तो एकदा मोडला होता.

दोन हजार चारच्या शरदात एक नवा हात आला. बारीक, सावळा, घड्याळाची तबकडी फौजींसारखी मनगटाच्या आतल्या बाजूला. मला वाटलं, ही ऐट कुठून शिकून आली? तेवढ्यात हाताच्या मागून तोंडही खिडकीत आलं. "आजोबा, तुम्ही जाधव आजोबा ना? मी रामटेक्यांची प्रज्ञा. पिकनिकला भेटलो होतो." मी मान हलवली आणि ताट ओढून घेतलं. अधिकारी व्हायचं असलेली पोरं मेसवाल्याशी गोड बोलतात, हे मी जन्मभर बघितलंय.

रामटेके आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. मूळचे नागपूरचे, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. मला स्टॉपवर भिजताना बघितलं की गाडी थांबवायचे. "जय भीम काका, बसा." मी राम राम म्हणायचो आणि बसायचो. माणूस कमी बोलणारा, गाडी स्वच्छ. मला दोन वर्षं कळलं नाही की हा माझ्यासाठी एवढं का करतो. मी दत्तालाही म्हटलं, याला काहीतरी हवंय. दत्ता म्हणाला, बाबा, काही माणसं नुसती चांगली असतात. मी म्हटलं, असतील.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात ते बाहेर पडलं. गाडी माझ्या दारात उभी होती, वायपर चालू होते, आणि रामटेके इंजिन बंद करत नव्हते.

"काका, प्रज्ञा सोमवारी सही करून राहिली."

"चांगलं आहे."

"चांगलं नाही. मी बोललो, तिची आई रडली, काही उपयोग नाही. पण तो मेजर तुम्हाला मानतो. तुम्ही एक शब्द सांगून द्या ना. म्हणा, ही पोरगी तयार नाही. मग तोच थांबवेल तिला."

मी म्हटलं, "नापास करू म्हणता?"

"नापास झाली तर वर्षभर रडेल, काका. माणूस नापास होऊन जगते, मला माहीत आहे. पेटीतून आली तर मी काय करू?"

मी म्हटलं, बघतो. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या मोठ्या कंपनीतला माणूस माझ्या शब्दासाठी गाडीत बसून राहिला होता.

आणि सांगायला माझ्याकडं होतंही. प्रज्ञाचं ताट दर गुरुवारी अर्धं भरलेलं परत यायचं. एक घास खाल्लेलं अंडं, कडेला दात लागलेला टोस्ट, न सोललेलं केळं. गेलं वर्षभर मी बघत होतो. आमच्या मेसमध्ये अन्न टाकणाऱ्याला मी सगळ्यात खाली धरायचो. जो स्वतःचं ताट सांभाळत नाही तो चाळीस माणसांचं काय सांभाळणार? खोटं बोलायची गरजच नव्हती. मेजर वाकले की मी म्हणणार होतो, सर, ही पोरगी अन्न टाकते. खरं ते सांगितलं आणि एका बापाचं काम झालं, दोन्ही एकदम.

वाक्य इंग्रजीत पाठ करायला घेतलं. बसमध्ये पुटपुटत होतो आणि तेवढ्यात हे वाक्य ओळखीचं वाटायला लागलं. असंच एक वाक्य मी मागं बोललो होतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला.

सकाळचा नाष्टा. उकडलेली अंडी माणशी दोन, परातीत ठेवलेली, ज्यानं त्यानं घ्यायची. सतरा नंबरचा पोरगा. अंगात उसना शर्ट, बाह्या मनगटाच्या वर. बोलणं विदर्भाकडचं. परातीपाशी आला की जरा थांबायचा, दुसऱ्यांचं घेऊन होऊ द्यायचा, आणि खाल्ल्यावर ताट नळावर स्वतः धुवून आणून द्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. चेस्ट नंबरावर आडनाव नसतं. ती व्यवस्था त्यासाठीच आहे. पण आमच्याकडं आडनाव झाकलं तरी माणूस ते शोधत बसतो, आणि त्या धुतलेल्या ताटावरून मी शोधलं. पहिल्या दिवशीच. मग त्याच्यावर माझी नजर जरा जास्तच राहिली. हे लिहायला मला दोन दिवस लागले, पण लिहिलं.

चौथ्या दिवशी त्याच्या ताटात चार अंडी. मी मोजली. तो खाली बघून भराभर खात होता. त्याच दिवशी मैदानावरचे एक तरुण साहेब चहाला किचनपाशी उभे राहिले आणि सहज म्हणाले, काय हवालदार, तुझ्या मते कोण? मला आजवर कुठल्या साहेबानं तुझ्या मते असं विचारलं नव्हतं. मी सावधान उभा राहिलो आणि म्हटलं, बाकीचं माहीत नाही, साहेब, पण सतरा नंबर हपापलेला आहे. दुसऱ्याचं खातो. चार अंडी उचलली.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबर स्टेशनवर गेला. माझ्या शब्दानं की त्याच्या कर्मानं, ते मला कोणी सांगणार नव्हतं. संध्याकाळी ताटं लावताना त्याचं ताट हातात आलं, धुतलेलं. मी ते परत धुतलं.

तर त्या गुरुवारी मी खिडकी सोडली. खांद्यावर फडकं टाकलं आणि टेबलं पुसायच्या निमित्तानं बाहेर गेलो. प्रज्ञा तिच्या आठ-नऊ जणांच्या टेबलाशी होती, पण बसलेली नव्हती. ट्रे समोर, हात पाठीमागं. दाराकडं बघत होती. बाकीचे खात होते. बऱ्याच वेळानं ब्रायन म्हणून एक जाडा पोरगा धापा टाकत आला, धावण्यात नेहमी शेवटचा असणार. ती त्याच्यावर अशी खेकसली की पलीकडच्या टेबलावरचे चमचे थांबले. मग त्याला ट्रे घ्यायला पाठवलं, तो बसला, त्यानं खायला सुरुवात केली, तेव्हा ती बसली. घड्याळ बघितलं. चार घास खाल्ले आणि उठली, कारण आठला वर्ग. सगळ्यांना उठवलं. ब्रायननं टोस्ट खिशात घातला.

माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "आजोबा, यू स्टेअर अ लॉट."

मी म्हटलं, "रोज असंच?"

"शेवटचा बसल्याशिवाय लीडरनं खायचं नाही. आणि शेवटचा म्हणजे हा."

"हे शिकवलंय तुम्हाला?"

"अर्थात शिकवलंय," ती म्हणाली आणि गेली.

बघा, म्हणजे शिकवलेलंच. क्लास लावलेल्या पोरांचं "यू फर्स्ट" आणि हे, यात फरक काय? मी दिवसभर ताटं धूत तेवढाच विचार केला. फरक मला एकच सापडला, तोही पुरता पटला नाही. ती पोरं परीक्षेचे पाच दिवस करायची. ही वर्षभर करत होती, आणि कोणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. निदान मला तरी माहीत नव्हतं की तिला माहीत आहे.

दुपारी मेजर मुद्दाम आले. आत, माझ्या बाजूला. म्हणाले, रामटेके सोमवारी सही करतेय, तुझे तिच्या घराशी संबंध आहेत, मला काही माहीत असायला हवं का?

माझं पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी त्यांना फिरता पट्टा दाखवला आणि म्हटलं, "सर, आय सी प्लेट. आय नो सी हू पुट." ताट दिसतं, ताटात कोणी काय घातलं ते मला दिसत नाही. मेजरना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

त्या संध्याकाळी रामटेक्यांची गाडी स्टॉपवर होतीच. मी बसलो आणि सांगून टाकलं, नाही जमलं. ते म्हणाले, का? मी कारण सांगायला बांधील नव्हतो. पण सांगितलं. सतरा नंबर, उसना शर्ट, नळ, चार अंडी, तरुण साहेब. सगळं. कुणापुढं पहिल्यांदाच. रामटेके रस्त्याकडं बघत गाडी चालवत होते.

माझ्या घरापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठलं सेंटर, काका?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

त्यांनी वायपर बंद केले. पाऊस चालूच होता. काच पांढरी झाली.

मी म्हटलं, "तुम्ही कधी गेला होता काय?"

"गेलो होतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला."

"कुठं?"

"तिथंच."

मी म्हटलं, "चेस्ट नंबर काय होता तुमचा?"

"आठवत नाही, काका," ते म्हणाले.

मी उतरलो. पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो. चेस्ट नंबर कोणी विसरत नाही. नापास झालेला तर मुळीच नाही. पंधरा-पंधरा वर्षांनी रस्त्यात भेटलेला माणूस मला नाव सांगायच्या आधी नंबर सांगायचा.

प्रज्ञानं सोमवारी सही केली. रामटेक्यांची गाडी त्यानंतर स्टॉपवर थांबली नाही. दोनदा माझ्यासमोरून गेली. मी हात केला नाही. माझी चूक असेल तर ती मोठी होती, आणि नसेल तर मी कशाला वाकू? असा पावणेदोन वर्षं मी स्वतःशी भांडत होतो. चार अंडी होती. मी मोजायला चुकत नाही. हे मी बसमध्ये बसून किती वेळा म्हटलं असेन.

दोन हजार आठच्या जूनमध्ये प्रज्ञा अधिकारी झाली. आदल्या आठवड्यात तिचं तोंड खिडकीत आलं. म्हणाली, इथं रीत आहे, नव्या अधिकाऱ्याला पहिला सलाम एखाद्या जुन्या जवानानं किंवा हवालदारानं करायचा, आणि अधिकारी त्याला चांदीचा एक डॉलर देतो. तो मान तुम्हाला द्यायचाय, आजोबा.

मी म्हटलं, "माझा सलाम तिकडच्या वर्दीला दिलेला आहे. दुसऱ्या फौजेला नाही."

तिला वाईट वाटलं, पण हट्ट केला नाही. "ओके. देन जस्ट कम अँड ईट."

मी गेलो. आईबापांनी दोन बाजूंनी खांद्यावर पट्ट्या लावल्या. आईनं पटकन लावली, रामटेक्यांना बराच वेळ लागला. मग एका सार्जंटनं कडक सलाम केला, तिनं डॉलर दिला, टाळ्या झाल्या. मी मागं भिंतीशी उभा होतो. मला ती अजूनही थोडी संशयास्पदच वाटत होती, इतकी सरळ उभी होती.

मागच्या खोलीत खायचं होतं. केक, फळं, ब्रेड, उकडलेली अंडी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. रामटेके टेबलापाशी गेले, कागदाची प्लेट घेतली, एक अंडं ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. आणि प्लेट घेऊन माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"तीन घेतली होती, काका."

मी वर बघितलं.

"दोन माझी आणि एक बारा नंबरचं. त्याला ताप होता, तो खोलीवर होता, त्याला नेऊन द्यायचं होतं. चौथं सोळा नंबरनं माझ्या ताटात ठेवलं. तो शाकाहारी. म्हणाला, तू खा. शेवटच्या दिवशी आत बोलावलं. इतके साहेब बसलेले. मी फळ्यांचं विचारतील, नकाशाचं विचारतील म्हणून तयारी करून गेलो होतो. मला एकच प्रश्न विचारला. घरी जेवण पुरतं का?"

"काय सांगितलंत?"

"पुरतं, सर."

मी म्हटलं, "सतरा?"

"सतरा."

ताटात चार होती. मी बरोबर मोजली होती. फक्त ती कोणाची, हे विचारायला मला चार पावलं चालावी लागली असती, आणि मी खांबाला टेकून होतो.

माफी कशी मागतात ते मला येत नाही, फौजेत शिकवत नाहीत. मी उठलो. डोकं उघडं असताना सलाम करत नाहीत, म्हणून खिशातली लोकरीची टोपी काढून नीट डोक्यावर बसवली. टाचा जोडल्या. आणि सतरा नंबरला सलाम केला. बाहेरच्या एकाही वर्दीला न केलेला, हवालदारानं साहेबाला करावा तसा.

"काका, हात खाली घ्या. लोक बघून राहिले."

साहेबानं उत्तर दिल्याशिवाय सलाम उतरत नाही. मी हात तसाच ठेवला. प्रज्ञा तिथं कधी आली ते मला कळलं नाही. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"बाबा, यू हॅव टू रिटर्न इट," ती म्हणाली. "आणि डॉलर द्यावा लागतो."

रामटेक्यांनी प्लेट डाव्या हातात घेतली. उजवा हात कपाळापर्यंत नेला, थोडा वाकडा. मग खिसे चाचपले. कोटाच्या खिशात नव्हतं, पँटच्या खिशात नव्हतं. शेवटी त्यांनी प्लेटमधलं एक अंडं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

माफ केलं की नाही, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. गुणांचं जे विचारलं होतंत, ते एखाद्या अधिकाऱ्याला विचारा. मी अंडं तिथंच उभ्यानं खाल्लं. मीठ नव्हतं. मागितलं नाही.